कुळी आणि पाऊल

माळेगावच्या यात्रेत एका म्हाताऱ्याच्या मागं मी तासभर फिरत होतो. गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. धाराशिवहून लातूर, अहमदपूर करत पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. खंडोबाच्या माळावर धूळ, शेण, भजी आणि भंडारा यांचा मिळून एकच वास उठला होता. घोडे ओळीनं बांधलेले. कुणाच्या कपाळावर गोंडे, कुणाच्या पायात चाळ. विकणारे हलगीवर घोडी नाचवून दाखवत होते आणि गिऱ्हाइकं तोंडाकडं, आयाळीकडं, नाचाकडं बघत होती. म्हातारा मात्र घोडा पुढं गेला की खाली मातीत बघायचा.

एका कुमैत घोडीच्या मागं तो वाकला. पुढच्या पायाचा ठसा होता आणि त्याला ओलांडून मागच्या पायाचा. दोहोंच्या मधे त्यानं आपली चार बोटं आडवी ठेवली. उठून भाच्याला म्हणाला, “मागलं पाऊल पुढल्याला वलांडून पडतंय. चार बोटं. खांदा मोकळा हाय हिचा.” घोडीचं वय, किंमत, मालक, यातलं त्यानं अजून काहीच विचारलं नव्हतं.

संपादकांचा फोन आला तेव्हा मला हीच चार बोटं आठवली. अंकाचा विषय ‘शर्यत’. धाराशिवच्या माणसानं बैलगाड्यांवर लिहावं असं त्यांच्या मनात होतं. 2014 ची बंदी, मग 2023 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं राज्याच्या कायद्यावर केलेलं शिक्कामोर्तब, यावर आता पुष्कळ लिहून झालंय. मला दुसरंच विचारायचं होतं. शर्यत सुटायच्या आधी कुणाला काय कळतं? आणि कळतं ते कशावरून, जनावराच्या अंगावरून की त्याच्या आईबापावरून? आपल्या राज्यात हा प्रश्न सगळ्यात गंभीरपणे विचारला जातो तो महालक्ष्मीच्या आणि पुण्याच्या रेसकोर्सवर, डर्बी आणि तिच्या बहिणींच्या वेळी. म्हणून तिकडं जायचं ठरवलं. पण आधी माळेगावात बघितलेलं पुरतं सांगून घेतो.

तोंडात वय, अंगावर नशीब

बाजारात घोड्याचं वय कुणी सांगून कळत नाही, तोंड उघडून कळतं. अडीच वर्षांच्या आसपास समोरची दुधाच्या दातांची जोडी पडून पक्की येते, साडेतीनला शेजारची, साडेचारला कडेची. पाच वर्षांचा घोडा तोंडानं पुरा होतो. त्यापुढं दातांच्या माथ्यावरचे खळगे झिजत जातात, दात लांब आणि पुढं कललेले दिसू लागतात. व्यापारी जिभेला एका बाजूनं धरतो, क्षणभर बघतो आणि सोडून देतो. तेवढ्यात त्याचा आकडा ठरलेला असतो.

दातांनंतर रंग. चारी पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा असेल तो पंचकल्याणी, त्याला मागणी जास्त. मग भोवरे. घोड्याच्या अंगावर केस जिथं गोल वळतात ते. गळ्याखालच्या भोवऱ्याला देवमण म्हणतात, तो असला की घोडा घरात लक्ष्मी आणतो. डोळ्याखाली भोवरा असला तर तो अश्रू ढाळणारा, मालकाला रडवणारा. चांगली उमदी घोडी केवळ अशा एका भोवऱ्यापायी कमी किमतीला जाताना मी बघितली. शालिहोत्राच्या नावानं चालत आलेल्या अश्वशास्त्रापासून हे सगळं आपल्याकडं उतरलंय. धावण्याशी त्याचा काही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. तरी त्या म्हाताऱ्यानंही चार बोटं मोजून झाल्यावर गळ्याखाली हात घालून बघितलंच.

भोवऱ्यांची ही गोष्ट मी मुद्दाम लक्षात ठेवली. पुण्याला ती पुन्हा भेटणार होती.

महालक्ष्मीला, जानेवारीत

रात्रीची लातूर-मुंबई गाडी धरून दादरला उतरलो आणि लोकलनं महालक्ष्मीला. धोबीघाटाच्या पुलावरून गर्दीबरोबर चालत गेलं की एकाएकी आकाश मोकळं होतं. समोर हिरवं मैदान, मागं उंच इमारती. 1883 पासून इथं घोडे पळतायत. त्याआधी शर्यती भायखळ्याला होत. आता या जागेतला मोठा तुकडा उद्यानासाठी महापालिकेकडं गेलाय, उरलेल्यात शर्यती चालू आहेत.

मी मुद्दाम जानेवारीत गेलो. डिसेंबरात 1000 गिनीज आणि 2000 गिनीज झालेल्या असतात. दोन्ही 1600 मीटरच्या, तीन वर्षांच्या घोड्यांसाठी. पहिली फक्त माद्यांची. ओक्स हीसुद्धा माद्यांचीच, पण 2400 मीटरची. आणि फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी इंडियन डर्बी, तीही 2400 मीटरची. आपल्याकडं सगळ्या शर्यतीच्या घोड्यांचा वाढदिवस 1 जानेवारीला धरतात, त्यामुळं डिसेंबरातलं तीन वर्षांचं जनावर डर्बीला चार वर्षांचं म्हणून उभं राहतं. सेंट लेजर त्याहून लांब, 2800 मीटरची. नावं विलायतेतून आली आहेत. तिकडं सेंट लेजर 1776 ची, ओक्स 1779 ची, डर्बी 1780 ची. आपली डर्बी 1943 ची. महायुद्धात जहाजं बंद पडली, बाहेरून घोडे येईनात, तेव्हा इथं जन्मलेल्या घोड्यांसाठी मोठी शर्यत हवी म्हणून ती सुरू झाली. पहिली डर्बी प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीनं जिंकली. ती बडोद्याच्या गायकवाडांची.

इतर दिवशी ज्या शर्यती होतात, त्या बहुतेक हँडिकॅपच्या. चांगल्या घोड्यावर जास्त वजन, हलक्यावर कमी. जॉकी आणि खोगीर मिळून भरत नसेल तर खोगिराखाली शिसं घालून वजन पुरं करतात. हेतू हा की सगळे एका रेषेत यावेत. वर सांगितलेल्या मोठ्या शर्यतींत, म्हणजे क्लासिकमधे, असं काही नाही. सगळ्यांना एकच वजन, माद्यांना तेवढी दीड किलोची सूट. म्हणून ही घोड्याची खरी परीक्षा. जो उत्तम तो पुढं, कुणाला शिशाची सबब नाही.

आणि जानेवारीतला प्रश्न असा, की 1600 ला जो जिंकला तो 2400 ला टिकेल का? डर्बीत उतरणाऱ्या पुष्कळ घोड्यांनी तोवर इतकं लांब अंतर कधी धावलेलंच नसतं. म्हणजे ज्या गोष्टीचा पुरावा अजून नाही तिचा अंदाज बांधायचा. इथं लोक घोड्यावरची नजर काढून पुस्तकात घालतात, आई कोण, बाप कोण बघायला.

पॅडॉकला कठड्याशी उभा राहिलो. मोतद्दार लगाम धरून घोडे गोल फिरवत होते. जवळून बघितलं की थरोब्रेड घोडा अंगानं मोठा वाटत नाही, आखीव वाटतो. कातडी इतकी पातळ की पोटाखालच्या शिरा दिसतात. एकाच्या मागच्या मांड्यांमधे पांढरा फेस जमला होता. तो शर्यत सुटायच्या आधीच निम्मा पळून झाला होता, मनातल्या मनात. एक कान मागं टाकून चालत होता. आणि एक काळसर घोडी होती, सात नंबरची, तिचं मागलं पाऊल पुढल्याला सहज ओलांडून जात होतं. इथल्या वाटेवर ठसे उमटत नाहीत, पण डोळ्यांना ओलांडलेलं दिसतं. मी मनात चार बोटं ठेवली आणि पुस्तकात सातपुढं खूण केली. शर्यत 1600 मीटरची होती.

शेवटच्या वळणावर ती पुढं होती. सरळ वाटेला लागली तेव्हाही पुढं. मग शेवटच्या दोन-तीनशे मीटरवर तिची मान वर आली, टाप आखूड झाली आणि बघता बघता तिघं तिला मागं टाकून गेले. माझ्या शेजारी पांढरा सदरा घातलेले, दुर्बीण गळ्यात अडकवलेले एक गिरगावकर आजोबा उभे होते. मी हळहळलो तसे ते म्हणाले, “अहो, हिची आई बाराशेच्या पुढं कधी जिंकली नाही. मावशी तशीच. हिला सोळाशेला कशाला घातली, देव जाणे.” त्यांनी घोडीकडं पॅडॉकमधे बघितलंही नव्हतं. चालीनं मला जे दाखवलं ते खोटं नव्हतं, घोडी पळत छानच होती. पण कुठवर पळेल हे चालीत दिसत नव्हतं.

वहीतलं रक्त

जगातले सगळे थरोब्रेड घोडे बापाच्या बाजूनं तीन घोड्यांपाशी जाऊन थांबतात. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्याच्या पूर्वार्धापर्यंत पूर्वेकडून इंग्लंडात गेलेले हे तिघे: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. त्यातही आज जवळजवळ 95 टक्के घोड्यांची बापाकडची वाट डार्ली अरेबियनकडं जाते. त्याचा पणतू मार्स्क, आणि मार्स्कचा मुलगा एक्लिप्स, 1764 च्या सूर्यग्रहणात जन्मलेला. 1791 मधे जेम्स वेदर्बी यांनी पहिलं स्टड बुक छापलं. तेव्हापासून ज्याचे आईबाप वहीत नाहीत तो घोडा कितीही पळो, थरोब्रेड नव्हे.

आपली वही पुण्यात आहे, भारतीय स्टड बुक प्राधिकरणाकडं. शिंगरू जन्मलं की त्याच्या रक्ताची किंवा केसांची डीएनए तपासणी होते आणि सांगितलेले आईबाप खरे आहेत का हे बघितलं जातं. कृत्रिम रेतन या जातीत जगभर कुठंच चालत नाही, घोडा आणि घोडी समोरासमोर आणावी लागते. मग शिंगराचा पासपोर्ट तयार होतो. त्यात घोड्याची दोन्ही बाजूंची बाह्याकृती असते, तिच्यावर पांढऱ्या खुणा रंगवतात आणि भोवरे फुलीनं दाखवतात. एका तबेल्यात असा पासपोर्ट हातात घेतला आणि मला माळेगाव आठवलं. गळ्याखाली फुली, कपाळावर फुली. भोवरा जन्मभर बदलत नाही, बोटाच्या ठशासारखा. तिकडं त्यात मालकाचं नशीब वाचतात, इथं घोडा तोच आहे ना हे तपासतात. नजर एकाच जागी जाते.

वंशावळीत बघायचं काय? बापाचं नाव मोठ्या अक्षरात असतं, जाहिरात त्याचीच होते. कॅनडात 1961 ला जन्मलेला नॉर्दर्न डान्सर अंगानं लहानखुरा होता, पण 1964 ची केंटकी डर्बी त्यानं जिंकली आणि पुढं साऱ्या जगाच्या तबेल्यांत त्याचं रक्त पसरलं. त्याचा मुलगा रझीन भारतात आला, उषा स्टडमधे राहिला आणि वर्षानुवर्षं इथल्या बापांच्या यादीत वरच्या जागी होता. आज महालक्ष्मीच्या पुस्तकातली कुठलीही वंशावळ चार-पाच पिढ्या मागं नेली की नॉर्दर्न डान्सर भेटतो, कधी आईकडून आणि बापाकडून, असा दोन्हीकडून. मग केवळ त्याच्या असण्यानं काही ठरत नाही. सगळ्यांच्याच घरात तो आजोबा आहे.

म्हणून जाणती माणसं आईकडं बघतात. बापाची एका वर्षात डझनावारी शिंगरं होतात. त्यांतली चांगली चार सगळ्यांना आठवतात, बाकीची कुणी मोजत नाही. घोडी अकरा महिने पोटात वागवून वर्षाला एक शिंगरू देते. जन्मभरात दहा-बारा झाली तर खूप. तिच्या प्रत्येक शिंगराचा हिशोब लागतो: कोण धावलं, किती अंतरावर जिंकलं, कुणाचे पाय गेले. ब्रूस लो या ऑस्ट्रेलियन अभ्यासकानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आयांच्या वाटेनंच कुळं लावली आणि त्यांना क्रमांक दिले. त्याच्या सिद्धांताला आता कुणी फारसं मानत नाही, क्रमांक मात्र वापरात राहिले. आपल्याकडं ‘खाण तशी माती’ म्हणतात, त्यातही आईच अभिप्रेत असते.

हे मला पुस्तक वाचून कळण्याआधी गावात कळलेलं होतं. आमच्या जिल्ह्याचं नाव बाहेर घेतात ते उस्मानाबादी शेळीमुळं. जिल्हा धाराशिव झाला, शेळी उस्मानाबादीच राहिली. काळी, उंच, जुळी देणारी. आठवडी बाजारात पाट घ्यायला गेलेली बाई बोकडाची चौकशी करत नाही. “हिची आई कितींदा जुळी व्याली?” हा तिचा पहिला सवाल. विकणारा गप्प राहिला की ती पुढच्या दावणीला जाते. गिरगावच्या आजोबांनी सात नंबरला लावलेला नियम आणि या बाईचा नियम एकच आहे. फरक इतकाच, की आजोबांच्या हातात छापील पुस्तक होतं.

अंतराचं कोडं शास्त्रानं थोडं सोडवलंय. 2010 मधे डब्लिनच्या एमेलिन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की स्नायूंच्या वाढीला आवर घालणाऱ्या मायोस्टॅटिन नावाच्या जनुकाचे दोन प्रकार घोड्यात असतात. एका प्रकाराची जोडी मिळाली तर घोडा लवकर भरतो, आखूड अंतरावर सुसाट. दुसऱ्याची जोडी मिळाली तर लांब पल्ल्याचा. एकेक मिळालं तर मधला, आणि क्लासिक जिंकणारे पुष्कळ या मधल्यांत सापडतात. वेगवान बाप आणि दमदार आई असा मेळ घालणारे जुने पैदासकार नकळत याच जोडीमागं होते. पण हे झालं एका जनुकाचं. काळीज, फुप्फुसं, हाडं आणि गर्दीत घुसायची हिंमत कुठल्या जनुकात आहे, कोण सांगणार? सख्ख्या भावांतही आईबापाचं रक्त वेगवेगळं वाटलं जातं. 2006 मधे अमेरिकेत द ग्रीन मंकी नावाचं दोन वर्षांचं घोडं 1 कोटी 60 लाख डॉलरला विकलं गेलं. वंशावळ देखणी, लिलावाआधीची दौड त्याहून देखणी. ते तीन शर्यती धावलं आणि एकही जिंकलं नाही.

उलट बाजूही आहे. 1976-77 च्या हंगामात रशीद बायरामजी यांच्या तालमीतल्या स्क्वांडररनं 2000 गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर तिन्ही घेतल्या. कारकीर्दीत 19 वेळा धावला, 18 वेळा जिंकला. 2010 ची डर्बी जॅकलिन या घोडीनं नरांना मागं टाकून नेली. असा घोडा आला की त्याची वंशावळ पुन्हा काढून लोक म्हणतात, दिसतच होतं. आधी किती जणांना दिसलं होतं?

रक्ताची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. पुण्याच्या पूनावाला स्टडमधले शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. घोड्याला विष किंवा जंतूंचं विष थोडं थोडं टोचून त्याच्या रक्तात प्रतिविष तयार होऊ द्यायचं आणि ते वेगळं काढायचं, असं ते काम. घोडे आपले, मग औषध आपणच का करू नये, या विचारातून 1966 मधे सायरस पूनावाला यांनी सीरम इन्स्टिट्यूट काढली. आमच्याकडं पावसाळ्यात सोयाबीनच्या रानात साप चावला की ग्रामीण रुग्णालयात जी बाटली सलाइनमधून चढवतात, तिच्यातही घोड्याच्याच रक्तातलं औषध असतं. वाचलेल्या माणसाला ते ठाऊकही नसतं.

पहाटेचं पुणं

ऑगस्टमधे पुण्याला गेलो. मुंबईचा पाऊस घोड्यांना सोसत नाही, म्हणून जुलैपासून शर्यती पुण्याला येतात. कॅम्पातलं हे मैदान लष्कराच्या जमिनीवर आहे, 1830 पासूनचं. पहाटे साडेपाचला धुक्यातून आधी आवाज येतो, मग घोडा दिसतो. आवाजात दोन गोष्टी असतात: टापा आणि श्वास. पळणारा घोडा एका झेपेला एकच श्वास घेतो. पुढचे पाय टेकले की उच्छ्वास, अंग ताणलं की श्वास. तोंडानं त्याला श्वास घेता येत नाही, फक्त नाकानं. म्हणून घशाशी जरा अडथळा असला तरी जाणत्या कानाला शिट्टी ऐकू येते.

कठड्याशी घड्याळं घेऊन माणसं उभी असतात. शेवटचे 1000 मीटर, 600 मीटर किती सेकंदांत, हे टिपून दुसऱ्या दिवशी छापलं जातं. आकडा खरा, पण अर्थ लावायला जपावं लागतं. घोडा आपणहून आला की हाकलून आणला? आतल्या कठड्याला धरून आला की बाहेरून मोठा वळसा घेऊन? पाठीवर जॉकी होता की तबेल्यातला जड अंगाचा रायडिंग बॉय? जमीन किती मऊ होती? त्यासाठी मैदानात एक सळई ठरावीक वजनानं रुतवून बघतात, पेनेट्रोमीटर म्हणतात त्याला. यातलं काही सेकंदांच्या आकड्यात येत नाही. एका सेकंदात घोडा आपल्या अंगाएवढी सुमारे पाच ते सहा अंतरं कापतो आणि शर्यत मानेनं, डोक्यानं, नाकानं जिंकली जाते. एवढ्याशा फरकाला घड्याळाची ही गोळाबेरीज पुरी पडत नाही.

तबेल्यात शिरायची परवानगी एका ट्रेनरनी मोठ्या मनानं दिली. तिथं आपल्याकडचा माणूस भेटला, परांड्याच्या बाजूचा. तीसेक वर्षं मोतद्दारी करतोय. गावाचं नाव काढल्यावर त्यानं आधी पावसाची चौकशी केली, मग बसायला बादली उपडी घालून दिली.

त्याच्या दिवसाची सुरुवात हातानं होते. अंधारातच तो घोड्याच्या पुढच्या पायाशी उकिडवा बसतो आणि तळहात गुडघ्यापासून खाली फिरवतो, मागच्या बाजूच्या जाड शिरेवरून. एकदा, दोनदा. मग दुसरा पाय. दोन्हींची ऊब सारखी लागली पाहिजे. एक पाय जरा गरम लागला तर त्या दिवशी घोडा मैदानावर जाणार नाही. मलाही त्यानं हात लावायला दिला. मला दोन्ही पाय सारखेच लागले. “परत बगा,” तो म्हणाला. परत बघितलं, तरी सारखेच. “डावा इल्लुसा ऊन हाय. काल नालबंदानं नाल बदललाय, त्याचं आसंल. सांजच्याला जाईल.” सांजेला ती ऊब गेली, असं त्यानंच नंतर सांगितलं. ट्रेनरनी सकाळी त्याला विचारूनच त्या घोड्याला नुसतं फिरवायला काढलं होतं.

मग तोबरा. ओट, कोंडा, वर लसूणघास. रात्रीच्या तोबऱ्यात काही उरलं का, हे तो रोज बघतो. शर्यतीनंतर ज्यानं त्याच रात्री चाटूनपुसून खाल्लं त्याची शर्यत त्याला लागली नाही. ज्यानं निम्मं टाकलं तो आतून थकलाय, पुढच्या पंधरवड्यात त्याच्याकडून आशा धरू नये. या तोबऱ्याची नोंद कुठल्याही पुस्तकात छापून येत नाही. मी विचारलं, आईबाप बघता का? शेजारच्या घोडीकडं बघून तो हसला. “आई ठावं हाय की. हिची आई म्याच केली. तीबी आशीच, एकली राह्यली की भिताडाला पाठ घासायची. पळायलाबी तशीच, म्होरं कुणी आसंल तरच जोर करायची.”

घोडी आणि तिची आई दोघींना हातानं खरारा केलेला माणूस. डर्बीच्या उमेदवाराचं मोल करायचं तर आधी याला विचारावं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे या मराठी जॉकींची नावं तरी निकालाच्या तक्त्यात राहिली. मोतद्दाराचं नाव कुठंच लागत नाही.

न्यायालयानं काय म्हटलं

पैशाचा विषय टाळून चालणार नाही. रेसच्या नादानं बसलेली घरं प्रत्येकाला माहीत असतात, मलाही एक आहे, आणि त्या घरातल्या बाईचं मंगळसूत्र सावकाराकडून सुटलं नाही हेही माहीत आहे. तरी या खेळात जाणतेपणाला जागा आहे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर गेला होता. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात 12 जानेवारी 1996 ला न्यायालयानं सांगितलं, की घोड्यांच्या शर्यती हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ आहे. घोड्याची पैदास, तालीम, अंगची क्षमता, जॉकीचा हात, हे सगळं अभ्यासता येतं. निकाल वाचताना मला गिरगावचे आजोबा दिसत होते. ते अभ्यास करतात यात शंका नाही. पण त्यांच्या आजूबाजूला पाचशे माणसं कुणीतरी कानात सांगितलेल्या नंबरावर पगार लावत होती, तीही मी त्याच दिवशी बघितली.

ज्याची वही नव्हती

दिवाळीला थोडे दिवस उरले असताना, लेख लिहायला घेतल्यावर, भूमच्या पुढं बालाघाटाच्या उतारावर मेंढरांचा वाडा लागला. गाडी थांबवावीच लागली. सहाशे-सातशे मेंढरं, चार कुत्री आणि मधे एक बुटकी, गोल पोटाची घोडी. तिच्या पाठीवर अख्खा संसार: पटकुरं, भांडी, पाण्याचा कॅन, वर बांधलेल्या खुराड्यात तीन कोंबड्या. मागं शिंगरू.

भीमथडी म्हणतात ते हे. थडी म्हणजे काठ. भीमेच्या काठचं घोडं. मराठ्यांच्या शिलेदार-बारगिरांनी याच जनावरावर मुलूख तुडवला. मूठभर चण्यावर आणि रानच्या गवतावर ते दिवसाकाठी मोठी मजल मारायचं, खडकाळ घाटात पाय चुकवायचं नाही. 2023 मधे राज्यगीत झालेल्या गाण्यात या तट्टाचं नाव आहे, शाळेशाळेत पोरं ते म्हणतात. आणि बोलीत मात्र तट्टू हा शब्द भाड्याच्या माणसासाठी उरला.

याला वही नव्हती. कुठल्या घोडीला कुठला घोडा दाखवला, कुठलं शिंगरू पन्नास कोसांनंतरही ताजं राहिलं, हे पागेतल्या माणसांना ठाऊक होतं आणि त्यांच्याबरोबर गेलं. फौजा गेल्या, मोठ्या अंगाचे विलायती आणि अरबी घोडे मानाचे ठरले. ज्या थरोब्रेडचे तीन आद्यपुरुष पूर्वेचेच होते त्याची तीनशे वर्षांची वंशावळ आज बोटावर सांगता येते. दख्खनच्या घोड्याचा आजोबा सांगता येत नाही. तो टिकला तो धनगरांच्या वाड्यात, ओझ्याखाली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं आता कुठं भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. हे आणखी आधी व्हायला हवं होतं. झालं याचा मला मनापासून आनंद आहे.

वाड्याबरोबरच्या मावशींना मी विचारलं, “मावशी, ही घोडी कुणाकडनं घेतली?”

“इकत कशाला घ्यायची? घरचीच हाय. हिची आई माज्या सासूनं केली. आईची आई सासूच्या माहेरनं आंदण आली व्हती, लंगडी व्हती पर सोळा इती व्याली. तिची आई…” त्या थांबल्या. पदरानं तोंड पुसलं. “ती म्हातारीला ठावं. म्हातारी गेली आवंदा.”

मी वही काढली आणि तीन घोड्या लिहून घेतल्या, रंगासकट: ही कुमैत, हिची आई सब्जी, आजी कुमैत आणि डाव्या मागच्या पायानं लंगडी. मावशींचा नातू वाकून माझं लिहिणं बघत होता. त्यानं विचारलं, शिंगराचंबी लिवायचं का? मी शिंगराच्या गळ्याखाली हात घालून बघितलं. भोवरा होता. तोही लिहिला.

मेंढरं उताराला लागली तशी घोडी आपणहून निघाली. कुणी लगाम धरला नव्हता. डांबराच्या कडेला मऊ मातीत तिचे ठसे राहिले होते. मी खाली बसून बोटं ठेवून बघितली. एवढ्या ओझ्यासकट तिचं मागलं पाऊल पुढल्याच्या दोन बोटं पुढं पडत होतं.